भैरवी न गाता

सरकारी नोकरीत येणे काही अंशी माणसाच्या हाती असते. जाणे मात्र मुळीच नसते. जन्मतारखेची नोंद एकदा सेवापुस्तकात झाली, की कोणत्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी आपल्या गळ्यात हार पडणार हे त्याच दिवशी ठरून जाते. म्हणूनच की काय, आमच्या वर्गातील माणसाला 'केव्हा उठावे' याचा विचार कधी करावाच लागत नाही. तो विचार त्याच्यासाठी नियमांनी करून ठेवलेला असतो. हार, शाल, श्रीफळ, वरिष्ठांचे दोन गोड शब्द, कनिष्ठांचे चार अतिशयोक्त शब्द, आणि मग जिना उतरताना कोणीतरी विचारलेला तो प्रश्न, "आता पुढे काय करणार?" या प्रश्नाची उत्तरे आम्ही आजवर अनेक निरोपसमारंभांत ऐकली आहेत. कोणी वाचन म्हणतो, कोणी तीर्थयात्रा म्हणतो, कोणी नातवंडे म्हणतो. परंतु उत्तर देणाऱ्याच्या डोळ्यांत त्या वेळी दुसराच प्रश्न उभा असतो. दारावरची पाटी उतरली की आपण कोण?

गवयाचे तसे नाही. मैफल केव्हा संपवावी, भैरवी केव्हा घ्यावी हे त्याचे त्याने ठरवायचे असते. पण तेथेही हे किती थोड्यांना साधते! आवाज थकतो, दम अपुरा पडतो, श्रोते हळूहळू पादत्राणे शोधू लागतात, तरी 'आणखी एकच' म्हणून तंबोरे पुन्हा जुळवले जातात. टाळ्यांची सवय ही अधिकाराच्या सवयीहूनही वाईट. म्हणूनच ऐन रंगात आलेल्या मैफलीतून, भैरवीसुद्धा न गाता, शांतपणे उठून गेलेल्या एका गायिकेने गेले काही महिने आमचे मन व्यापून टाकले आहे. ती आमच्या देशाची नव्हे, भाषेची नव्हे, पिढीचीही नव्हे. हॉलिवुडच्या त्या गायिका-नटीचे नाव डिआना डर्बिन.

तिची आमची ओळख करून दिली ती आमच्या कलकत्त्याच्या घरमालकांनी. वय ऐंशीच्या पुढे, महाविद्यालयात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ; बंगाली रिवाजाप्रमाणे आम्ही त्यांना मेशोमशाय म्हणतो. त्यांच्या वडिलांनी जमवलेल्या जुन्या तबकड्या आणि किल्लीचा ग्रामोफोन त्यांनी जिवापाड जपला आहे. पावसाळ्यातील एका संध्याकाळी वीज गेली होती. किल्लीच्या यंत्राला विजेची तमा नसते. खालच्या मजल्यावरून एक स्वर जिन्याने वर आला. पाश्चात्त्य गायनातील उंच पट्टीचे स्त्रीस्वर आमच्या कानाला एरवी परके वाटतात. हा स्वर निराळा होता. उंच होता, पण ताणलेला नव्हता. शिकलेला होता, पण आपण शिकलो आहोत हे बजावत नव्हता. आम्ही खाली उतरून विचारले, तेव्हा मेशोमशाय म्हणाले, "ही डिआना. माणिकदांनी हिला पत्र लिहिले होते, ठाऊक आहे ना?"

माणिकदा म्हणजे सत्यजित राय, हे कलकत्त्यात कोणाला सांगावे लागत नाही. १९९२ च्या मार्चअखेरीस रायांना सन्मानाचे ऑस्कर देण्यात आले. ते तेव्हा कलकत्त्याच्या रुग्णालयात होते. त्यांचे भाषण अंथरुणावरच चित्रित करून अमेरिकेतील समारंभात दाखवले गेले. त्या भाषणात, पुढे महिनाभरही न राहिलेल्या आयुष्याच्या टोकावरून, त्यांना आठवण झाली ती आपल्या कोवळ्या वयातील चित्रपटवेडाची. डिआना डर्बिनला पत्र लिहिले, उत्तर आले, आनंद झाला. जिंजर रॉजर्सला लिहिले, उत्तर आले नाही. असे त्यांनी मिस्कीलपणे सांगितले. रायांचा जन्म २ मे १९२१ चा, डिआनाचा ४ डिसेंबर १९२१ चा. पत्र लिहिणारा मुलगा आणि उत्तर पाठवणारी मुलगी एकाच वर्षीची होती, आणि त्या मुलीचे नाव तोवर जगभर झाले होते.

तिचे मूळ नाव एड्ना मे. जन्म कॅनडातील विनिपेग शहरी. आईबाप इंग्लंडमधून आलेले. मुलगी तान्ही असतानाच कुटुंब दक्षिण कॅलिफोर्नियात येऊन राहिले. घरची स्थिती बेताची होती. मुलीच्या गळ्यातील गुण थोरल्या बहिणीने ओळखला आणि तिच्या गायनशिक्षणाला हातभार लावला. मेट्रो-गोल्डविन-मायर ही त्या काळची सर्वांत बलाढ्य चित्रसंस्था. अर्नेस्टीन शुमान-हाइंक या वयोवृद्ध ऑपेरागायिकेच्या जीवनावर बोलपट काढण्याचा तिचा बेत होता, आणि गायिकेच्या बालपणाची भूमिका करण्यासाठी ही मुलगी निवडली गेली. तो बेत बारगळला. राहिला तो १९३६ सालचा 'एव्हरी संडे' नावाचा एक लघुपट. बागेत वाद्यवृंद वाजवणाऱ्या एका म्हाताऱ्याची नोकरी जाऊ नये म्हणून दोन मुली व्यासपीठावर चढून गातात, एवढेच त्याचे कथानक. दोघींपैकी एक गाते ऑपेराच्या ढंगाने, दुसरी जॅझच्या ढंगाने. पहिली डिआना, दुसरी ज्युडी गार्लंड. मेट्रोने ज्युडीला ठेवले आणि डिआनाचा करार सरू दिला. हे कसे घडले याच्या दंतकथा पुढे पुष्कळ रचल्या गेल्या. ज्या म्हाताऱ्याची नोकरी त्या मुलींनी पडद्यावर वाचवली त्याच्या कथेनंतर दोघींपैकी एकीचीच नोकरी गेली, ही त्या कथेवरची खरी टीप.

युनिव्हर्सल या दुसऱ्या संस्थेने तिला घेतले. ही संस्था तेव्हा स्वतःच बुडत्या नौकेसारखी होती. तिचे संस्थापक कार्ल लेम्ली यांच्या हातून १९३६ सालीच ती कर्जदात्यांकडे गेली होती. युरोपातून आलेले निर्माते जो पास्टरनॅक आणि दिग्दर्शक हेन्री कोस्टर यांनी 'थ्री स्मार्ट गर्ल्स' हा साध्या खर्चाचा बोलपट हाती घेतला. बाप दुसरे लग्न करू पाहतो, ते मोडायला तीन बहिणी निघतात. धाकटी बहीण डिआना. वय पुरते पंधरा. बोलपट असा चालला, की त्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट चित्राच्या ऑस्करसाठी त्याचे नामांकन झाले. डर्बिनने युनिव्हर्सल वाचवली, असे पुढे चित्रपटाच्या इतिहासात वारंवार लिहिले गेले. एका मुलीने एक संस्था वाचवावी यात अतिशयोक्ती असेल. पण तिच्या बोलपटांनी आणलेल्या पैशावर त्या संस्थेने पुन्हा अंग धरले, यात शंका नाही. पंधरा वर्षांच्या पोरीच्या खांद्यावर किती माणसांच्या पगाराचे ओझे होते, याचा हिशेब आमच्यासारख्या पगारपत्रके तपासण्यात जन्म घालवलेल्या माणसाच्या मनात आपोआप सुरू होतो.

१९३७ सालचा 'वन हंड्रेड मेन अँड अ गर्ल' हा तिचा दुसरा मोठा बोलपट. मंदीचे दिवस आहेत. बेकार झालेल्या एका वादकाची मुलगी शंभर बेकार वादक जमवते, आणि लिओपोल्ड स्टोकोव्हस्की या जगप्रसिद्ध वाद्यवृंद-संचालकाने त्यांचे नेतृत्व करावे म्हणून त्याचा पिच्छा पुरवते. स्टोकोव्हस्कीने स्वतःचीच भूमिका केली. अखेर शंभर वादक त्याच्या घरात शिरतात, जिन्यावर दाटीवाटीने उभे राहून लिस्टची रचना वाजवू लागतात, आणि त्या गृहस्थाचे हात नकळत हलू लागतात. हा प्रसंग पाहताना आम्हांला एका गोष्टीचे वैषम्य वाटले. मूकपटांच्या काळी चित्रगृहांतून वादकांचे ताफे असत. बोलपट आला आणि अमेरिकेतील हजारो वादकांची भाकरी गेली. तोच बोलपट आता त्यांच्या बेकारीवर गोड कथा रचत होता. पण मुलगी गाऊ लागते आणि हे वैषम्य क्षणभर विसरायला होते. संगीतासाठी त्या वर्षीचे ऑस्कर याच चित्राला मिळाले.

मग यशाची जी वाट असते ती सारी तिने पाहिली. नभोवाणीवर एडी कँटरच्या कार्यक्रमात गायन, दुकानांत तिच्या चेहऱ्याच्या बाहुल्या, १९३९ साली मिकी रूनीच्या जोडीने बालकलाकारांसाठीचे खास ऑस्कर. त्याच वर्षी 'फर्स्ट लव्ह' या चित्रात रॉबर्ट स्टॅक या नव्या नटाने पडद्यावर तिचे प्रथम चुंबन घेतले, ते वर्तमानपत्रांत मोठ्या बातमीचा विषय झाले. महायुद्धाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या जगाला एका मुलीच्या मोठे होण्याची एवढी अपूर्वाई वाटावी! आणि युद्ध पेटल्यावर ॲम्स्टरडॅममध्ये नात्झींपासून लपून राहिलेल्या अ‍ॅन फ्रँक या मुलीने आपल्या कोंडलेल्या खोलीच्या भिंतीवर जी चित्रे चिकटवली, त्यांत डिआना डर्बिनचेही चित्र होते. ती भिंत आजही जपून ठेवलेली आहे. कलकत्त्याच्या एका मुलाने पत्र लिहावे आणि ॲम्स्टरडॅमच्या एका मुलीने चित्र चिकटवावे, असे त्या चेहऱ्यात काय होते? आमच्या मते त्यात भरवसा होता. काहीही बिघडले असो, ही मुलगी येईल, एक गाणे म्हणेल, आणि मोठ्यांचे भांडण मिटेल.

नेमका हाच भरवसा तिची बेडी ठरला. कथा बदले, नाव बदले, पोशाख बदले, भूमिका तीच. सर्वांची अडचण सोडवणारी, सर्वांची लाडकी, जगातील यच्चयावत आईबापांना आपली वाटावी अशी कन्या. पडद्यावरची डिआना कोणा तरी दुसऱ्याने घडवलेली आहे आणि ती आपण नव्हे, हे तिने पुढे स्पष्ट बोलून दाखवले. आम्हां अधिकाऱ्यांना हे चटकन समजावे. 'साहेब' नावाचा जो इसम आमच्या कचेरीत बसतो, त्याची सही, त्याचा आवाज, त्याचे कपाळाला आठ्या घालणे, हे सारे थोडे आमचे असते आणि पुष्कळसे खुर्चीचे असते. फरक इतकाच, की ती तिला भूमिका म्हणत असे. आम्ही तिला स्वभाव म्हणतो.

ती निमूटपणे सोसणारी नव्हती. १९४१ च्या अखेरीस एक कथा तिने नाकारली म्हणून संस्थेने तिला कामावरून दूर ठेवले. १९४२ च्या आरंभी समेट झाला तो कथा, दिग्दर्शक आणि गाणी यांच्या निवडीत तिचा शब्द मानला जाईल या अटीवर. मग तिने धडपड केली. फ्रान्सचे थोर दिग्दर्शक झाँ रन्वार यांच्या हाताखाली एक चित्र सुरू झाले, पण ते पुरे केले दुसऱ्याच कोणी. १९४४ साली सॉमरसेट मॉमच्या कादंबरीवरून 'ख्रिसमस हॉलिडे' निघाला. दिग्दर्शक रॉबर्ट सिओडमाक. नायक जीन केली, तोही खुनी नवऱ्याच्या भूमिकेत. आणि न्यू ऑर्लिअन्सच्या एका हलक्या नाचघरात गाणारी, आतून मोडलेली स्त्री म्हणजे डिआना. तिच्या चाहत्यांना धक्का बसला. चित्राने पैसा मिळवला, पण लोकांना ही डिआना नको होती. आपल्या साऱ्या कामांत तिला स्वतःला मोलाचे वाटत राहिले ते हेच. पुढच्या वर्षी 'लेडी ऑन अ ट्रेन' हे रहस्यचित्र आले. त्याचे दिग्दर्शक शार्ल दाविद नावाचे फ्रेंच गृहस्थ. त्यानंतर पुन्हा जुनीच वाट. गाणी गोड, कथा फिक्या. वेतन मात्र अमेरिकेतील कोणाही स्त्रीला हेवा वाटावा इतके. १९४८ साली 'फॉर द लव्ह ऑफ मेरी' प्रदर्शित झाला. तो तिचा एकविसावा आणि शेवटचा पूर्ण लांबीचा बोलपट. वय सव्वीस.

दोन लग्ने मोडली होती, पदरी लहान मुलगी होती. डिसेंबर १९५० मध्ये तिने शार्ल दाविदशी विवाह केला. कोळी, डास आणि वार्ताहर या तिघांपासून आपले रक्षण करावे, अशी अट तिने घातली होती म्हणून सांगतात. पॅरिसच्या पश्चिमेस असलेल्या नोफ्ल-ल-शातो या लहानशा गावी ती राहायला गेली, आणि उरलेले सारे आयुष्य तिने तेथे काढले. पुन्हा एक बोलपट नाही, एक मैफल नाही. मुलाखत दिली ती एकच, १९८३ साली, डेव्हिड शिपमन या चित्रपट-इतिहासकाराला. मोठमोठी आमंत्रणे आली. पास्टरनॅक तर वर्षानुवर्षे विनवीत राहिले. तिने सर्वांना नकार दिला. बाई लठ्ठ झाल्या असतील, म्हणून लपून बसल्या आहेत, अशी कंडी पिकली, तेव्हा १९८० च्या सुमारास तिने आपले एक ताजे छायाचित्र 'लाइफ' मासिकाकडे धाडून दिले. तेवढा एक मिस्कीलपणा. आणि एक योगायोग असा, की १९७८-७९ च्या हिवाळ्यात इराणचे आयातुल्ला खोमेनी याच नोफ्ल-ल-शातोत येऊन राहिले आणि जगभरचे वार्ताहर त्या खेड्यात लोटले. ज्यांच्यापासून दूर पळण्यासाठी तिने ते गाव निवडले, ते तिच्या दाराशी आले, पण दुसऱ्याच कोणाला शोधत!

इथे ज्युडी गार्लंडची आठवण टाळता येत नाही. मेट्रोने ठेवून घेतलेली ती दुसरी मुलगी. १९३९ च्या 'द विझर्ड ऑफ ऑझ'ने तिला अमर केले. तिच्यावर कामाचा, वजनाचा, गोळ्यांचा जो मारा झाला तो आता सर्वश्रुत आहे. ती गात राहिली. मोडली, उठली, पुन्हा गायली, आणि २२ जून १९६९ रोजी लंडनमध्ये झोपेच्या औषधाच्या अतिमात्रेने सत्तेचाळिसाव्या वर्षी गेली. एका बागेतल्या एका व्यासपीठावर शेजारी उभ्या असलेल्या त्या दोन मुली. एक गाणे सोडून एक्क्याण्णव वर्षे जगली. दुसरी गाण्यातच संपली. येथे 'पाहा, शहाणी कोण ते' असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु ज्युडीच्या उत्तरकाळातील मैफलींच्या तबकड्या ज्याने ऐकल्या आहेत तो असे म्हणणार नाही. त्या फाटलेल्या आवाजात जे आहे ते सुखी माणसाच्या आवाजात येत नाही. डिआनाच्या चाळिशीचा आवाज कसा असता, पन्नाशीचा कसा असता? तो जगाने ऐकलाच नाही. हा तोटा खरा आहे, आणि तिच्या निर्णयाचे कौतुक करताना तो लपवू नये.

मेशोमशायांना तर तो तोटा अक्षम्य वाटतो. ते म्हणाले, "देवाने गळा दिला तो एकटीसाठी नव्हे. माणिकदांना तीन-तीन डॉक्टर काम करू नका म्हणत होते, तरी त्यांनी चित्रे काढली. आणि ही सत्ताविसाव्या वर्षी घरी जाऊन बसली! हा स्वार्थ नव्हे का?" वृद्ध शिक्षकाचा हा आवेश आम्हांला पटला नाही, पण त्याला उत्तरही सुचेना. उत्तर दिले आमच्या सौभाग्यवतींनी. त्यांनी कलकत्त्यात आल्यावर पन्नाशीत रवींद्रसंगीताची शिकवणी लावली. स्वयंपाकघरात त्या गातात, गॅलरीत तुळशीला पाणी घालताना गातात. येथील महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात गा म्हणून आग्रह झाला तेव्हा हसून नाही म्हणाल्या. त्या म्हणाल्या, "मेशोमशाय, तिने बोलपट सोडले. गाणे सोडले असे तुम्हांला कोणी सांगितले? ऐकायला कोणी नसले म्हणजे गाणे नसते का?" मेशोमशाय बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी तबकडी उलटी करून दुसरी बाजू लावली.

या साऱ्या विचाराला एक कारण आहे, ते वाचकांपासून लपवण्यात अर्थ नाही. आमच्याही गळ्यात हार पडण्याचा दिवस चार महिन्यांवर आला आहे. आणि त्यापाठोपाठ एक प्रस्ताव आला: निवृत्तीनंतर दोन वर्षे सल्लागार म्हणून करारावर राहावे. खोली तीच, मेज तेच, चहा आणणारा तोच. प्रस्ताव मानाचा होता, पैशाचाही होता. नाही म्हणायला खरोखर काही कारण नव्हते. उलट हो म्हणायला एक मोठे कारण होते, आणि ते परप्रांतात नोकरी केलेल्या प्रत्येक मराठी माणसाला ठाऊक आहे. आम्ही महाराष्ट्र सोडून सव्वीस वर्षे झाली. भोपाळ, गुवाहाटी, लखनौ, दिल्ली, कलकत्ता. प्रत्येक गावी आम्हांला ओळखत ते हुद्द्याने. सुट्टीत साताऱ्यास घरी जावे, तर वाण्याच्या दुकानात नवा मुलगा विचारतो, "कोणाकडचे पाहुणे?" येथे साहेब, आणि तेथे पाहुणे! हुद्दा उतरला म्हणजे येथले साहेबपण जाणार, आणि तेथले पाहुणेपण काही एका दिवसात जाणार नाही. मधल्या त्या मोकळ्या जागेचे भय आम्हांला वाटत होते. दोन वर्षांचा करार म्हणजे त्या भयाला दोन वर्षांची मुदतवाढ.

डिआना डर्बिनशी आपली तुलना करण्याइतके आम्ही भोळे नाही. ती सत्ताविसाव्या वर्षी उठली, आम्ही साठाव्या. तिच्यापाशी संपत्ती होती. ज्याच्या घरी चूल पेटण्याची चिंता आहे त्याने तिचा कित्ता गिरवू नये, आणि आमच्या ज्या सहकाऱ्यांनी मुलांच्या शिक्षणासाठी असे करार स्वीकारले त्यांना आम्ही मनापासून नमस्कार करतो. पण तिच्या कथेत एक गोष्ट अशी आहे की जी वयावर वा पैशावर अवलंबून नाही. तिला दोन नावे होती. एक आईबापांनी ठेवलेले, एक संस्थेने. संस्थेचे नाव जगभर गाजले. घरचे नाव फारसे कोणाला ठाऊकच नव्हते. जेव्हा निवडीची वेळ आली तेव्हा तिने गाजलेले नाव खुंटीला टांगले आणि न गाजलेल्या नावाने जगायला गेली. 'मी कोणीच नसेन' हे भय जगाला वाटते. तिला तीच सुटका वाटली. ज्याला आपण मोकळी जागा म्हणून भितो, तेथे ती साठ वर्षांहून अधिक काळ नांदली. बाजारहाट केला, मुले वाढवली, १९९९ मध्ये पतीला निरोप दिला.

एप्रिल २०१३ मध्ये ती निवर्तली. बातमी जगाला कळली ती काही दिवसांनी, तिच्या चाहत्यांच्या मंडळाने कळवली तेव्हा. तिच्या मुलाने त्या मंडळामार्फत चाहत्यांचे आभार मानले होते. कशाबद्दल? आईचा एकांत त्यांनी मानला याबद्दल. आम्हांला हे वाक्य मोठे अर्थपूर्ण वाटले. तिच्या मौनाचा मान राखणारे श्रोतेही होते तर! गाणे ऐकणारे पुष्कळ असतात. थांबलेल्या गाण्यापुढे आदराने गप्प बसणारे श्रोते फार थोड्या गायकांच्या वाट्याला येतात. सत्यजित रायांनीही, ती पडद्यावरून जाऊन चव्वेचाळीस वर्षे झाल्यावर, तिच्याबद्दल तक्रार केली नाही. उत्तर आले होते, आनंद झाला होता, एवढेच त्यांनी लक्षात ठेवले. ती थांबली तेव्हा त्यांचे काम सुरूही झाले नव्हते. 'पथेर पांचाली' आला १९५५ साली, त्यांच्या चौतिसाव्या वर्षी. एकाच वर्षी जन्मलेल्या दोघांपैकी एकाची मैफल दुसरीची संपल्यावर सुरू व्हावी, यातून एवढेच दिसते की उठण्याची आणि बसण्याची वेळ सर्वांना एकच नसते, आणि ती सेवापुस्तकात लिहिलेली नसते.

गेल्या सोमवारी आम्ही प्रस्तावाचे उत्तर लिहून दिले. आभार, आणि असमर्थता. दोन ओळी. साताऱ्याच्या घराचे कौल दुरुस्त करण्याबद्दल धाकट्या भावाला पत्र टाकले. सौभाग्यवतींनी रवींद्रसंगीताच्या वह्यांसाठी एक वेगळी पेटी मागितली आहे. वाण्याच्या दुकानातील मुलाला आपले नाव कसे सांगावे, याचा सरावही आम्ही मनातल्या मनात सुरू केला आहे. हुद्दा न लावता ते फार आखूड वाटते, पण वाटेनासे होईल. आमचे टिपण पाहून कचेरीतील तरुण लिपिक मात्र बुचकळ्यात पडला. छापील नमुन्यातील एका रकान्यावर बोट ठेवून तो अदबीने म्हणाला, "साहेब, कारण लिहायचे राहून गेले." आम्ही त्या रकान्याकडे पाहिले. जेमतेम तीन शब्द मावतील एवढी जागा होती. आम्ही ती तशीच ठेवली आणि खाली सही केली.